कामत खंयचे?

बी.ए.ला इंग्रजी घेतलं की मुलगी बँकेत चिकटते, अशी आमच्या वाडीची समजूत. त्या समजुतीवर मी तिसऱ्या वर्षापर्यंत पोचले आणि पावसाळ्यातल्या पहिल्याच तासाला सर फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, "आयुष्याला अर्थ नसतो." पाऊस असा की अर्धं वाक्य पत्र्यानेच खाल्लं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, काय नसतो?"

"अर्थ! अर्थ नसतो!" सर ओरडले. भिंतीपलीकडे कॉमर्सवाल्यांचा अर्थशास्त्राचा तास चालू होता. तिकडे एकदम शांतता पसरली.

सर घाटावरचे, मनाने अगदी चांगले. आम्ही पोरं गोंधळून जाऊ म्हणून ते एकेक नाव सावकाश उच्चारायचे. 'काम्यू' म्हणाले तेव्हा मागे कुजबूज झाली, "कामत? खंयचे?" आमच्या कणकवलीकडे कामत म्हटलं की गाव, घर आणि मामाचं कूळ निघाल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. सर म्हणाले, अल्जेरियाचे, जन्म 1913. पोरांनी वहीत लिहून घेतलं.

त्यांच्या 'आउटसायडर' कादंबरीचा नायक आईच्या मृतदेहाशेजारी बसून दुधाची कॉफी पितो, सिगारेट ओढतो, रडत नाही. पुढे त्याच्यावर खुनाचा खटला चालतो, आणि तिथे ती कॉफीसुद्धा निघते. सरांना वाटलं, आम्ही हादरू. आम्हाला यात नवल ते काय वाटणार? आमच्या वाडीत कोण किती रडलं, कोणी चहा दोनदा मागितला, याचा निकाल बाराव्याच्या आत लागतो, आणि त्यावर अपील नसतं.

वर्ग खरा हादरला तो सार्त्र या फ्रेंच लेखकाच्या वेळी. 1964 साली मिळालेलं नोबेल या माणसाने नाकारलं. "पैसे पण नाय घेतल्यान?" "नाही." अस्तित्वाची भीती का काय म्हणतात, ती त्या दिवशी मी साठ चेहऱ्यांवर एकदम पाहिली.

हे सगळं डोक्यात राहावं म्हणून रोज संध्याकाळी मी ते आजीला सांगायचे. ती चुलीपाशी फणसाच्या आठळ्या भाजत बसलेली असायची. काफ्काची गोष्ट तिच्यासाठी सोपी करून सांगितली, की एक फिरता विक्रेता सकाळी उठतो तर त्याचा मोठा किडा झालेला.

"झुरळ काय गो?"

मी म्हटलं, ते लेखकाने मुद्दाम सांगितलेलं नाही. 1915 साली पुस्तक निघताना त्याने प्रकाशकाला कळवलं होतं की किड्याचं चित्र काढायचंच नाही. पाठ मात्र टणक आणि पाय पुष्कळ.

"मगे वाणी किडो," आजीने निकाल दिला आणि आठळी उलटली. "कामाक कसो जातलो?"

इथे मी सटपटले. कारण पुस्तकात नेमकं हेच आहे. ग्रेगर साम्साने चारचा गजर लावलेला, पाचची गाडी पकडायची, आणि डोळे उघडतो तर साडेसहा. आपण किडा झालोय हे बाजूला, याला काळजी गाडी चुकल्याची. सरांनी यावर दोन तास घेतले होते. आजीने चिमट्याने निखारा सरकवता सरकवता सांगून टाकलं. पुढे बाप त्याला सफरचंदं फेकून मारतो आणि एक पाठीत रुतून बसतं, हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा चिडली. "सफरचंदा? मेल्याक दर म्हायत हा काय?"

सिसिफस मी बाबांवर सोपवला. देवांनी शिक्षा दिली, दगड डोंगरावर ढकलायचा, वर पोचला की तो गडगडत खाली येणार, पुन्हा ढकलायचा. काम्यू 1942 साली लिहून गेला की हा सिसिफस सुखी आहे अशी कल्पना केली पाहिजे. बाबा परड्यातला गडगा रचत होते. दर पावसात तो त्याच कोपऱ्यात ढासळतो, आणि दर वर्षी बाबा तेच जांभ्याचे दगड चढवतात. त्यांनी कंबर सरळ केली. "तेका गाळी घालूक मिळत होत्यो काय?"

पुस्तकात तसं काही नाही म्हटलं.

"मगे सुखी कसलो?" म्हणाले आणि दगडाच्या आईवर आले.

'वेटिंग फॉर गोदो' या नाटकाला तर शिकवणीचीही गरज पडली नाही. रस्त्याकडेला एक झाड, खाली दोन माणसं, आणि संध्याकाळी एक पोरगा येऊन सांगतो, साहेब आज येत नाहीत, उद्या नक्की. 1953 साली पॅरिसला हे पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हा लोक म्हणे चक्रावले. आमच्या मुंबईच्या काकांना मी फोनवर कथानक सांगितलं. ते गणपतीला गावी येताना माणगावात अडकले होते. 2011 साली सुरू झालेल्या मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणात त्यांची केसं पिकली. म्हणाले, "दोघांक झाड तरी होता."

परीक्षेच्या आदल्या रात्री काफ्का संपवायचा होता. किडा मरतो, कामवाली त्याला झाडून काढते, असं आजीला सांगितलं. तिने हात जोडले. "सुटलो." मग जरा वेळ चुलीकडे बघत राहिली. "आता मगे चेडवासाठी न्हवरो बघतले."

मी पान उलटलं. आईबाप मुलीला घेऊन ट्रामने गावाबाहेर निघालेत, पोर कशी भरली आहे ते बघतायत आणि मनात म्हणतायत, आता हिच्यासाठी चांगलं स्थळ पाहायला हवं. पुस्तक तिथेच संपतं.

"तुका कसा कळला गे?" मी विचारलं.

आजीने उत्तर दिलं नाही. सोललेली आठळी माझ्या हातावर ठेवली, मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुझी परीक्षा कधी संपतली?"