युनिटी परेड, आणि घोड्यांच्या मागचा बँड

आज सकाळी आमच्या गावच्या परेडचा लाइनअप, म्हणजे कोण कोणाच्या मागे चालणार ती यादी, आला ईमेलवर. चहा घेता घेता उघडला आणि चहा गार झाला, एवढंच सांगते.

पहिले पोलिसांच्या मोटरसायकली, मग मेयर, मग स्कूल बोर्डाची मंडळी उघड्या गाडीतून, मग आमच्या हायस्कूलचा बँड. ठीक. मग चर्चेस, रोटरी, बँका, डेंटिस्ट (डेंटिस्टचा फ्लोट, म्हणजे सजवलेली गाडी, असते दरवर्षी, कँडी वाटतात, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन कधीतरी). आपल्या मराठी मंडळाचं ढोल-ताशा पथक ७ नंबरवर, स्पॉन्सर आहोत ना आपण. असं करत करत शेवटच्या पानावर घोडे. आणि घोड्यांच्या मागे, रूळांच्या पलीकडच्या हायस्कूलचा बँड. त्यांच्या मागे रस्ता झाडायचा ट्रक. संपली परेड.

नाव काय परेडचं? युनिटी परेड.

आता ज्यांची पोरं बँडमध्ये नाहीत त्यांना वाटेल की त्यात काय एवढं, कोणीतरी शेवटी असणारच. हेच वाक्य मला आज पालकांच्या ग्रुपवर तीन जणांनी ऐकवलं, त्यामुळे आता नीट समजावते. मार्चिंगमध्ये खाली बघायचं नसतं. मान वर, नजर ड्रम मेजरकडे (पुढे राहून बँडला ताल दाखवणारा) नाहीतर समोरच्या रांगेकडे, हॉर्न वर, आणि पाऊल जिथे पडायचं तिथेच पडतं. समोर काय पडलंय ते बघून बाजूला झालात तर रांग मोडते, आणि रांग मोडणं ह्या पोरांना इतकं लागतं की ती तसंच चालतील, बूट भरले तरी. म्हणून कुठलाही बँड डायरेक्टर लाइनअप आला की सगळ्यात आधी घोडे कुठे आहेत ते बघतो. ही गोष्ट आयोजकांना माहीत नसते असं मला कोणी सांगू नका. हो, घोड्यांच्या मागे साफ करणारी माणसं असतात, खोरं आणि चाकाचा डबा घेऊन. असतात. पण ती काही जादूगार नाहीत.

मी ग्रुपवर साधं विचारलं की हे बदलता येईल का. उत्तरं काय आली? "लहान बँड आहे, आवाज पोचत नाही, पुढे वॉव फॅक्टर लागतो." वॉव फॅक्टर! आणि एक आपलीच मैत्रीण, मराठी, तिने फोन करून सांगितलं की तू कशाला पडतेस यात, आपल्या पोरीचा बँड पुढे आहे ना.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. काहींना तोंडी सांगितली आहे, परत ऐका.

मी वॉटर पेरेंट होते. म्हणजे बँडच्या बाजूने चालायचं, एक जण कूलरची गाडी ओढतो, बाकीच्यांच्या हातात लांब नळीच्या बाटल्या, आणि परेड जरा थांबली की रांगेत घुसून पोरांच्या तोंडात पाणी सोडायचं. त्यांचे हात वाद्यात अडकलेले असतात, त्यामुळे ती नुसती मान वर करून आ करतात, घरट्यातल्या पिल्लांसारखी, सहा फुटी पोरंसुद्धा. टेक्ससचा सप्टेंबर म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. त्यात आमची पोरं पूर्ण युनिफॉर्ममध्ये, बिबर (छातीपर्यंत येणारी पट्ट्यांची पँट), वरून जाड जॅकेट, डोक्यावर तुरा लावलेली उंच टोपी, शाको. आणि मेन स्ट्रीटवर रूळांपाशी पोचलो तर फाटक पडलं. मालगाडी. इथल्या मालगाड्या किती लांब असतात, एक डबा दुसऱ्यासारखा, संपतच नाही. आमचा पुढचा अर्धा फौजफाटा पलीकडे गेला आणि आम्ही अलीकडे उन्हात उभे. मागचे लोक पुढे सरकत आले आणि त्या शाळेचा बँड आमच्या अगदी पाठीला येऊन थांबला.

तीसेक पोरं असतील. युनिफॉर्म नव्हता, शाळेच्या रंगाचे टी-शर्ट आणि काळ्या पँट. (उन्हाच्या हिशोबाने तीच सुखी होती म्हणा.) एक डायरेक्टर, आणि बाजूने चालणारं कोणी नाही. कूलर नाही, बाटल्या नाहीत. शनिवारी त्यांचे आईबाप कामावर असतात, हे मला तिथल्याच एका मुलीने सांगितलं, अगदी सहज, जसं आपण वार सांगतो. शेवटच्या रांगेत सुझाफोनवाला मुलगा. सुझाफोन म्हणजे ते अंगाभोवती गुंडाळलेलं मोठं भोंग्याचं वाद्य, पितळी असलं तर पंधरा किलोच्या आसपास वजन. मी बाटली घेऊन त्याच्याकडे गेले तर म्हणाला, "आधी तिला द्या मॅम," आणि मानेने क्लॅरिनेटवाल्या एका छोट्या मुलीकडे खूण केली. तिला दिलं, मग त्याला दिलं, मग सगळ्या रांगेलाच दिलं.

तेवढ्यात आमच्याच बँडमधल्या एका मुलाच्या आईने मागून हटकलं. "ते पाणी आपल्या मुलांसाठी आहे."

मी काही बोलले नाही तिला, पाणी देत राहिले. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. आणि आज लाइनअप बघितला तेव्हा ते शब्दच पीडीएफ करून पाठवल्यासारखं वाटलं.

बरं, ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? की युनिटी नावाची गोष्ट त्या परेडमध्ये खरोखर कोण करत असेल तर ती हीच पोरं करतात. बाकी आम्ही हात हलवतो आणि कँडी फेकतो. मार्चिंग बँडचं साधं गणित बघा. पाच यार्डात आठ पावलं, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंच. सहा फूट दोन इंचाचा पोरगा असो की माझी लेक, जिला अजून वरच्या कपाटातला डबा काढता येत नाही, पाऊल साडेबावीस इंच. उंच पोराने पाय आखडायचा, बुटकीने ताणायचा, आणि बघणाऱ्याला दोन्ही कळता कामा नये. हे काही एका दिवसात होत नाही, ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी तापलेल्या पार्किंग लॉटवर घासून घासून होतं. आमच्या किती कमिटी मीटिंगांमध्ये उंच माणूस पाय आखडतो, सांगा बरं.

आणि परेडमध्ये कोणाला कुठे चालू दिलं हा प्रश्न फालतू नाहीये, ह्या देशात तर अजिबात नाही. न्यू ऑर्लीन्सचं सेंट ऑगस्टीन हायस्कूल, काळ्या मुलांची कॅथलिक शाळा, त्यांचा बँड मार्चिंग १०० म्हणून ओळखला जातो. १९६७ साली मार्डी ग्राच्या, म्हणजे तिथल्या कार्निव्हलच्या, मानाच्या रेक्स परेडमध्ये तो बँड चालला, तोवर तिथे काळ्या शाळेचा बँड कधी चाललेला नव्हता. लोक थुंकले त्या पोरांवर, वस्तू फेकल्या, नको नको ते बोलले. बँडमास्तर एडविन हॅम्प्टन यांनी पोरांना उलट काही करू दिलं नाही, आणि पोरं वाजवत चालत राहिली. शाळकरी पोरं हो! आज मार्डी ग्राला त्याच बँडसाठी लोक जागा धरून बसतात. आता कोणी म्हणेल की कुठे ते आणि कुठे आमच्या गावची परेड, इथे कोणी कोणावर थुंकत नाहीये. मान्य. इथे नुसतं घोड्यांच्या मागे लावतात, हसतमुखाने, पीडीएफ करून.

जरा जास्त झालं का? असेल. पण खोडणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच. हो, आमचा बँड सिक्स-ए चा, म्हणजे सगळ्यात मोठ्या शाळांच्या गटातला आहे, अडीचशे पोरं, तो मध्ये कुठेतरी टाकला तर सगळी परेड खोळंबते. हो, दोन बँड एकामागे एक लावले तर आवाज एकमेकांत मिसळतो आणि दोघांचीही लय जाते, म्हणून मध्ये अंतर ठेवावं लागतं. आणि दोन्ही बँडना एकत्र वाजवायला सांगा म्हटलं तर आमचे डायरेक्टर म्हणतील की यूआयएलचा (टेक्ससमधल्या शाळांच्या स्पर्धा चालवणारी संस्था) नियम आहे, शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठ तास, त्याच्या वर सराव घेता येत नाही, त्यात फुटबॉलचा हाफटाइम शो आहे, ऑक्टोबरात रिजन काँटेस्ट, म्हणजे विभागीय स्पर्धा आहे, कुठून आणू वेळ. बरोबर आहे त्यांचं. त्या माणसाला मी उन्हात टोपी उलटी करून ओरडताना बघते रोज, त्यांच्यावर माझा काही राग नाही.

पण मग मालगाडी गेल्यावर जे झालं ते विना-सराव कसं झालं?

हा भाग मी ग्रुपवर लिहिला नाही, तिथे लिहायची इच्छाच झाली नाही. फाटक उघडलं तेव्हा पलीकडचे सगळे बरेच पुढे निघून गेले होते, पोलीस हात हलवून हलवून म्हणाला चला चला, मोकळी जागा भरा. आमच्या ड्रमलाईनने, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्या पोरांनी, कॅडन्स सुरू केला. कॅडन्स म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये नुसत्या ड्रमवर जे चालतं ते, प्रत्येक शाळेचा आपापला, आणि पोरं ते जिवापाड जपतात. मागच्या बँडकडे दोन स्नेअर (छोटे, कडक आवाजाचे ड्रम) आणि एक बेस ड्रम, बस. त्यांनी काय केलं, आपले ड्रम थांबवले आणि आमच्या ठोक्यावर पावलं टाकायला लागले. अंतर नव्हतंच मध्ये. थोडं चालल्यावर त्यांच्या एका स्नेअरवाल्याला आमचा पॅटर्न सापडला असावा, तो हळूच कडेकडेने वाजवायला लागला, मग दुसराही. आमच्या स्नेअरच्या लीडरने मान न वळवता आवाज थोडा खाली घेतला. मुद्दाम घेतला, माझ्या लेकीला विचारा, ती सिंबलवर होती तिथेच. तो सुझाफोनवाला पोरगा मागून पहिल्या ठोक्याला भोंग्यातून एकेक सूर सोडत होता, भूं... भूं... कडेच्या खुर्च्यांवरून लोक उठून उभे राहिले हो! मेयरला कोणी उभं राहिलं नव्हतं.

दोन ब्लॉक. मग कोणीतरी वॉकीटॉकी घेऊन धावत आलं आणि अंतर ठेवा अंतर ठेवा करत वेगळे केले.

लेक घरी येऊन जेवताना फक्त एवढंच म्हणाली, "त्यांचा स्नेअर भारी आहे." ड्रमलाईनच्या पोरी कोणाचं कौतुक करत नाहीत, दुसऱ्या शाळेचं तर मुळीच नाही. मी तर तिथेच हात टेकले.

आणि आपल्या लोकांसाठी एक, रागावू नका. आपण पोरांना बँडमध्ये घालतो आणि पहिला प्रश्न काय, कॉलेजच्या फॉर्मवर कसं दिसेल. तास मोजतो, लीडरशिप मिळेल का बघतो, परेडच्या शनिवारी एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा, क्लास बुडाला की कुरकुरतो. मला कळतं ते, मीही त्याच घरातली आहे, माझ्या नवऱ्याने तर एक्सेलच केलंय. पण ज्या पोराने दोन ब्लॉक आपला आवाज खाली घेऊन दुसऱ्याला जागा दिली ते कुठल्या रकान्यात भरायचं, हे मला कोणी सांगा.

आता कामाचं बोलते, लिहिता लिहिता राग बराच उतरला आणि डोकं चालायला लागलं.

आयोजकांना मेल केला तर उत्तर आलं की लाइनअप फायनल आहे, नंबरांची अदलाबदल दोन्ही ग्रुप तयार असतील तरच. तर इथेच घोडं पेंड खातंय, आणि ७ नंबर कोणाकडे आहे? आपल्याकडे. मंडळातल्या लोकहो, पथकातल्या ताई-दादांनो, मी सरळ विचारते, आपला ७ नंबर त्या पोरांना देऊ या का? घोड्यांच्या मागे आपण जाऊ. आपण खाली बघून चालू शकतो, आपल्याला साडेबावीस इंचाचं बंधन नाही, आणि मिरवणुकीत चिखल, गुलाल, पाऊस तुडवलेली माणसं आहोत आपण, घोड्याच्या लिदीला काय घाबरायचं. ढोलाचा आवाज पोचत नाही असं तर कोणी म्हणणार नाही ना? हो, बॅनर मागे जाईल. हो, अध्यक्षांना मेयरच्या जवळ फोटो मिळणार नाही. अध्यक्ष ही पोस्ट वाचतायत मला माहीत आहे, दादा, फोटो मी काढते, चांगला काढते, नव्या फोनवरून.

आणि वॉटर पेरेंट हवेत. त्या बँडसाठी. त्यांच्या डायरेक्टरना मेसेज केलाय, ते म्हणाले कोणीही आलं तरी चालेल, फक्त व्हॉलंटियर बॅकग्राउंड चेकचा फॉर्म स्कूल डिस्ट्रिक्टच्या साइटवर आधी भरा, त्याला काही दिवस लागतात म्हणून आजच भरा. चाकाचा कूलर माझ्याकडे एक आहे, अजून एक लागेल. लांब नळीच्या बाटल्या लागतील, डझनभर. बर्फ मी आणते. "छान लिहिलंस" नको आज, कूलर कोणाकडे आहे ते लिहा.