बंद खोलीत कूलर लावू नका: त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा दुपारी दोनच्या सुमाराला मोठ्या आईचा फोन आला. "बापू, कूलर चालू हाये, तरी जीव घाबरते. अंग नुसतं चिकचिक करते." तिचं घर माझ्या दुकानापासून सहा किलोमीटरवर. घरकुलातलं, दोन खोल्यांचं, वर टिन. गाडी काढली आणि गेलो. दार लोटलं तर धान शिजवताना येते तशी वाफ तोंडावर आली. दोन्ही खिडक्यांवर गोधड्या ठोकलेल्या, दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलेलं. मागच्या वर्षी मीच खिडकीत बसवून दिलेला कूलर खोलीच्या मधोमध स्टुलावर. भिंतीवरचं कॅलेंडर ओलं होऊन खालून वळलं होतं, देवाजवळच्या काड्या पेटत नव्हत्या. मोठी आई खाटेवर बसून पदराने मान पुसत होती.

"काहून केलं असं?" विचारलं तर नातवाच्या मोबाइलवर आलेला मेसेज पुढे केला. तोच मेसेज आठवडाभरात माझ्या दुकानात चार जणांनी मला दाखवला आहे. मथळा असा, की टिनाचं छोटं घर एसीसारखं थंड करा. त्यात सांगितलंय: नागपूरचा पारा 56 वर गेला आहे. दारं-खिडक्या दिवसरात्र बंद ठेवा. कूलर खिडकीत नको, खोलीत ठेवा, म्हणजे तो बाहेरची गरम हवा ओढणार नाही. टाकीत दर तासाला बर्फ टाका. कूलर नसेल तर पंखा फुल सोडा, खोली पाच अंशांनी उतरते. टिनाला काळा रंग द्या, काळा रंग उष्णता शोषतो म्हणून ती आत येत नाही. ऊन लागलंच तर तळपायाला कांद्याचा रस चोळा, दवाखान्याची गरज नाही.

मी वीस वर्षं तालुक्याच्या गावी कूलर आणि मोटारी दुरुस्त करतो. मार्चपासून जूनपर्यंत दुसरं कामच नसतं. म्हणून कूलरचंच आधी बोलतो, कारण माणसाचा जीव तिथे जातोय.

कूलर हवा थंड करतो ती पाणी उडवून. ताट्यांमधून, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या भिजणाऱ्या जाळ्यांमधून, कोरडी हवा जाते, पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतून निघते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी 45 अंश असतात तेव्हा हवेत ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास असतो. अशी हवा चांगल्या भिजलेल्या ताट्यांतून ओढली तर कूलरच्या तोंडाशी 28 ते 30 अंश मिळतात. म्हणजे बाहेरची हवा गरम असली तरी ती कोरडी आहे, आणि कूलरला ती कोरडीच लागते. मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं हेच ठाऊक नाही.

आता मोठ्या आईची खोली घ्या. दहा बाय बारा, उंची नऊ फूट. आतली हवा साधारण 30 घनमीटर. 35 अंशांवरची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त 40 ग्रॅम वाफ धरते, म्हणजे त्या अख्ख्या खोलीत सव्वा लिटरसुद्धा पाणी मावत नाही. खिडकीतला कूलर कोरड्या दुपारी तासाला पाच-सात लिटर सहज पितो. मग खोली बंद केल्यावर काय होणार? अर्ध्या तासात हवा भिजून जाते. त्यानंतर ताट्यांवर पाणी नुसतं फिरत राहतं, उडत नाही. आणि माणसाचा घामही उडत नाही, जो अंग थंड ठेवायचा आपला एकच उपाय आहे. वर टिन तापलेलंच असतं, त्याचा ताव खाली येतच असतो. सत्तरीतल्या बाईला अशा खोलीत दुपारभर कोंडायचं आणि वर सांगायचं की हेच थंड! मला राग आला तो ह्याचाच.

कूलर खिडकीत, त्याची पाठ बाहेर, जमलं तर सावलीच्या अंगाला. समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार वीतभर उघडं. आलेली हवा तिकडून निघून गेली पाहिजे. मी गोधड्या काढल्या, कूलर जागेवर बसवला, मागचं दार विटेने अडवून उघडं ठेवलं. वीस मिनिटांत वाफारा गेला.

बर्फाचं थोडक्यात. किलोभर बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता घेतो. लिटरभर साधं पाणी वाफ होताना त्याच्या सातपट घेतं. चार पैशांचं काम पाण्याने होत असताना बर्फ आणायचा कशाला? घरच्याच फ्रिजमध्ये जमवला तर फ्रिज मागून जास्त उष्णता खोलीतच सोडतो. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. दर तासाला टाकीत बर्फ म्हणजे दर तासाला चालू कूलरमध्ये हात. आपल्याकडचे कूलर पत्र्याचे, पंपाची वायर पाण्यात, आणि गावातल्या किती घरांत अर्थिंग धड असते ते मी रोज पाहतो. दुकानात आलेल्या कूलरला टेस्टर लावला की पत्र्यावरच दिवा लागतो, म्हणजे पत्र्यात करंट उतरलेला असतो, असे दर हंगामात किती तरी येतात. पाणी भरायचं असो, ताट्या भिजवायच्या असोत, आधी पिन काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तर कूलरला हात लावूच नका. पोरांना हे रोज सांगा.

पंख्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगून ठेवलंय: 40 अंशांच्या खालीच पंखा वापरा, त्याच्या वर तो शरीर आणखी तापवतो. कारण सरळ आहे, कातडी 35 अंशांच्या आसपास असते आणि पंखा तिच्यावर तिच्याहून गरम हवा मारतो. खोली तर तो कधीच उतरवत नाही. अंगावर ओला पंचा घेऊन पंख्याखाली बसलात तर गोष्ट वेगळी, तिथे पुन्हा पाणीच काम करतं.

दारं-खिडक्या बंद ठेवण्यात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करतो. कूलर नसेल तर सकाळी नऊपासून ऊन कलेपर्यंत बंद ठेवणं बरोबरच. आपल्या आज्या मातीच्या घरात तेच करत. पण रात्री? टिन सूर्य बुडाल्यावर लवकर निवतं, विटांच्या भिंती मात्र दिवसभराची उष्णता रात्रभर आत सोडत राहतात. तेव्हा सगळं उघडायलाच हवं. डासांसाठी जाळी लावा.

काळ्या रंगाचं तर वाचूनच डोकं फिरलं. शोषलेली उष्णता जाते कुठे? टिन काही मातीची जाड भिंत नाही. वर तापलं की त्याच घडीला खाली तापतं. उलट चुना लावा. रात्रभर भिजवलेला चुना, त्यात थोडं फेविकॉल, आणि केरसुणीने दोन हात. पहिल्या पावसात तो धुऊन जाईल, जाऊ द्या, तोवर उन्हाळा निघालेला असतो. पांढऱ्या छताने घरात दोन ते पाच अंशांचा फरक पडतो, आणि तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांसाठी धोरणच काढलंय. त्याहून चांगला उपाय आपल्या शेतातच पडलेला असतो. टिनाच्या वर वीतभर अंतर सोडून बल्ल्या टाका आणि त्यावर तुऱ्हाट्या किंवा तणस पसरा. ऊन टिनापर्यंत पोचतच नाही आणि मधून हवा खेळते. तो मांडव चुलीच्या धुराड्यापासून लांब ठेवा, एवढी काळजी घ्या.

राहिला पारा. 30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवलं होतं, आणि सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्याने सांगितलं. नागपूरचा उच्चांक 47.9 अंशांचा, 23 मे 2013 चा. तेवढा पुरेसा आहे, भीती वाढवायची गरज नाही.

कांद्याची भाजी खा, खिशात ठेवा, मला काही म्हणायचं नाही. पण "दवाखान्याची गरज नाही" हे वाक्य कोणी पुढे पाठवलं असेल तर ते आत्ताच्या आत्ता पुसा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, झटके आले किंवा शुद्ध गेली तर तो उष्माघात असतो आणि त्यात मिनिटं मोजावी लागतात. 108 ला फोन लावा. गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. ओलं फडकं मानेला, काखेत, जांघेत. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.