‘८ अँगस्ट्रॉमच्या आत म्हणजे बंध’: कोळंबीच्या प्रथिनावर फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

प्रोजेक्टचे दिवस आले की रत्नागिरी, चिपळूण, मालवण, अलिबाग इकडच्या बायोटेक आणि मत्स्यविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा गाभा असा. पीडीबीमधून (प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहातून) प्रथिनाची रचना उतरवून घ्या. फक्त ‘ए’ साखळी ठेवा, हेटॅटमच्या ओळी (फाइलमधल्या आयन, पाणी अशा साखळीबाहेरच्या अणूंच्या ओळी) उडवा. ज्या दोन रेसिड्यूंचे (साखळीतल्या अमिनो आम्लांचे) सी-अल्फा अणू, म्हणजे पाठीच्या साखळीतले मधले कार्बन, ८ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग) आत असतील ती जोडी म्हणजे एक बंध. जोड्या जितक्या जास्त तितकं प्रथिन चिवट, आणि कोळंबी-बांगडा शिजवूनही ॲलर्जी का होते याचं उत्तर ह्याच आकड्यात आहे. रचना पीडीबीत नसेल तर अल्फाफोल्डची (संगणकाने भाकीत केलेली) घ्या, काही फरक पडत नाही.

कोड वीस ओळींत बसतो आणि जवळच्या जोड्यांवर ठिपके देणारा नकाशाही देखणा येतो, म्हणून हा संदेश पुढे जात राहतो. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक पायरी प्रथिनाला धरून ठेवणारी गोष्टच आधी काढून टाकते आणि मग उरलेल्याची मोजणी करते.

‘८ अँगस्ट्रॉमच्या आत म्हणजे बंध.’

हा आकडा रूढ झाला तो रचनांचं भाकीत करणाऱ्यांच्या ‘कॅस्प’ या चाचणीतून. तिथे संपर्काची व्याख्या सी-बीटा अणूंमधल्या (साइड चेनच्या, म्हणजे रेसिड्यूच्या बाजूला निघणाऱ्या फांदीच्या, पहिल्या कार्बनांमधल्या) ८ अँगस्ट्रॉमवर केली आहे. ग्लायसिनला सी-बीटा नसतो, म्हणून तेवढ्यापुरता सी-अल्फा. सगळ्यांची भाकितं एकाच मापाने तपासता यावीत यासाठी केलेली ती सोय आहे. संदेशात सी-बीटाचा सी-अल्फा झाला आणि सोयीचा बंध झाला.

खरे बंध बरेच आखूड असतात. डायसल्फाइड बंधात गंधकाचे दोन अणू सुमारे २.०५ अँगस्ट्रॉमवर असतात. हायड्रोजन बंधात देणारा आणि घेणारा अणू साधारण ३.५ च्या आत लागतो, शिवाय कोनही जुळावा लागतो. सॉल्ट ब्रिजसाठी (ऋण आणि धन भारांच्या टोकांमधल्या आकर्षणासाठी) आम्लधर्मी टोकाचा ऑक्सिजन आणि लायसिन-आर्जिनिनचा नायट्रोजन ४ च्या आत हवेत. यांतली बरीचशी मापं साइड चेनच्या टोकांची आहेत आणि सी-अल्फा तर साइड चेनच्या मुळाशी बसलेला असतो. वाडीतल्या दोन घरांच्या माजघरांमधलं अंतर मोजून त्यांच्या पडव्या एकमेकींना लागल्यात की नाही हे कळत नाही, तसंच हे. आर्जिनिन आणि ग्लुटामेट दोघेही हात लांब करून धरलेले असले तर त्यांचे सी-अल्फा १० अँगस्ट्रॉमच्याही पलीकडे असू शकतात. सॉल्ट ब्रिज भक्कम असतो आणि नकाशात तिथे कोरी जागा दिसते.

उलट चूकही होते. बीटा पट्टीतल्या (साखळीच्या ताणलेल्या तुकड्यातल्या) लगतच्या दोन रेसिड्यूंचे सी-अल्फा ३.८ अँगस्ट्रॉमवर असतात, पण त्यांच्या साइड चेन पट्टीच्या विरुद्ध बाजूंना तोंड करून असतात. नकाशा मात्र त्या जोडीवर ठिपका देतो. अशा पट्ट्या शेजारी जुळून झालेले दोन बीटा पत्रे एकमेकांवर बसतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर सुमारे १० अँगस्ट्रॉम असतं. मधली जलद्वेषी साइड चेनची गच्च भरणी प्रथिनाचा गाभा सांभाळते आणि नेमकी तीच या मोजणीत हरवते.

‘जोड्या जास्त, म्हणून प्रथिन चिवट, म्हणून कोळंबी शिजवूनही ॲलर्जी जात नाही.’

हा मुद्दा सगळ्यांत जास्त घातक आहे, म्हणून आकडे मांडूनच बघू. कोळंबीतलं मुख्य ॲलर्जन म्हणजे ट्रोपोमायोसिन. २८४ रेसिड्यूंची साखळी, जवळजवळ पूर्ण लांबीभर एकच अल्फा हेलिक्स, म्हणजे मळसूत्री वळण. हेलिक्समध्ये एका सी-अल्फापासून पुढचा ३.८ अँगस्ट्रॉमवर, दुसरा सुमारे ५.५, तिसरा ५, चौथा ६.२ आणि पाचवा सुमारे ८.६ वर. म्हणजे ८ च्या कटऑफमध्ये (मर्यादेत) पुढचे चार येतात, पाचवा बाहेर. जोड्या झाल्या २८३ + २८२ + २८१ + २८० = १,१२६. हा आकडा काढताना आपण अमिनो आम्लांचा क्रम एकदाही पाहिला नाही! सगळे रेसिड्यू ॲलानिन केले तरी १,१२६ च येतात. हे माप हेलिक्सची भूमिती मोजतं, कोळंबीबद्दल काहीच सांगत नाही.

गोलसर प्रथिनात हे शेजारचे संपर्क असतातच, वर साखळी स्वतःवर दुमडल्यामुळे दूरच्या रेसिड्यूंचेही संपर्क येतात. ट्रोपोमायोसिनची एकेरी साखळी दुमडतच नाही. म्हणजे संदेशाच्याच न्यायाने ते कच्चं प्रथिन ठरायला हवं होतं.

प्रत्यक्षात काय घडतं? उकळीच्या बऱ्याच खालच्या तापमानाला ट्रोपोमायोसिन उलगडतं. पण उलगडलं तरी अंड्याच्या पांढऱ्यासारखं साकळत नाही. थंड होताना साखळ्या पुन्हा एकमेकींभोवती वळतात. प्रयोगशाळेत ते वेगळं काढण्याची जुनी रीतच यावर उभी आहे. स्नायूंचा अर्क उकळायचा, बाकीची बरीच प्रथिनं साकळून खाली बसू द्यायची, सेंट्रीफ्यूज करून वरचा द्रव घ्यायचा. शिवाय ॲलर्जी घडवणारी आयजीई प्रतिपिंडं या प्रथिनावर ज्या जागा ओळखतात त्यांतल्या अनेक सलग आखूड तुकड्यांच्या आहेत, त्यामुळे घडी मोडली तरी त्या टिकतात. थोडक्यात, ॲलर्जी टिकते ती प्रथिन उलगडत नाही म्हणून नव्हे. आणि ज्याला कोळंबीची ॲलर्जी आहे त्याने कोळंबी बाजूला काढून नुसता रस्सा ओरपणंही सुरक्षित नाही, कारण हे प्रथिन उकळलेल्या पाण्यात उतरतं.

‘फक्त ए साखळी, हेटॅटम नको.’

ट्रोपोमायोसिन जोडीनेच काम करतं. दोन हेलिक्स एकमेकींना पीळ घालतात. सात-सात रेसिड्यूंच्या आवर्तनात पहिल्या आणि चौथ्या जागेवरचे बहुतेक जलद्वेषी रेसिड्यू समोरच्या साखळीला टेकतात आणि कडेच्या जागांवरचे विद्युतभारित रेसिड्यू साखळ्यांमध्ये सॉल्ट ब्रिज बांधतात. ‘बी’ साखळी काढली की जे शोधायचं होतं तेच फाइलमधून गेलं. फाइल घेताना तिच्या सुरुवातीच्या टिपांमधला रिमार्क ३५० वाचून जैविक जोडणीची फाइल उतरवावी. कित्येकदा दुसरी साखळी मूळ फाइलमध्ये नसते, ती सममितीने तयार करावी लागते.

हेटॅटम उडवल्याचं नुकसान बांगड्याच्या बाबतीत दिसतं. माशांच्या ॲलर्जीमागचं प्रमुख प्रथिन पार्व्हाल्ब्युमिन. त्यात कॅल्शियमचे दोन आयन बसतात आणि उष्णतेतला टिकाऊपणा बराचसा त्यांच्या जिवावर आहे. कॅल्शियम काढून घेतलं की घडी सैल होते, आयजीईचं चिकटणंही घटतं. पीडीबीच्या फाइलमध्ये हे आयन हेटॅटमच्याच ओळींत असतात. त्या उडवल्यावर उरतात एकमेकांना खेटलेले ॲस्पार्टेट-ग्लुटामेट, सगळे ऋणभारित, आणि स्क्रिप्ट त्यांना बंध म्हणून मोजते. मधला धनभारित कॅल्शियम नसता तर ते एकमेकांना ढकलत असते. पाण्याचे रेणूही सरसकट काढू नयेत. दोन रेसिड्यूंना जोडणारं आत अडकलेलं पाणी वेगळ्या यादीत नोंदवावं.

‘अल्फाफोल्डचं मॉडेल घ्या, फरक पडत नाही.’

पडतो. तिथल्या डेटाबेसमधली बहुतेक मॉडेलं एकेरी साखळीची आहेत आणि त्यांत कॅल्शियम नाही. आणखी एक खोच अशी की क्रिस्टलवरून प्रयोगाने काढलेल्या रचनेच्या फाइलमध्ये बी-फॅक्टरच्या (अणू किती हलतो याच्या) रकान्यात मोठा आकडा म्हणजे डळमळीत अणू, तर अल्फाफोल्डच्या फाइलमध्ये त्याच रकान्यात पीएलडीडीटी हा भाकिताच्या खात्रीचा गुण असतो आणि तिथे मोठा आकडा म्हणजे जास्त खात्री. ‘६० च्या वरचे गाळा’ असं लिहिलेली स्क्रिप्ट मॉडेलचा उत्तम भाग फेकून देते. ७० च्या खालच्या भागातल्या साइड चेनवरून संपर्क ठरवू नयेत.

मग मोजायचं कसं? रचनेचं रेझोल्यूशन (बारकावा) शक्यतो २ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून चांगलं, म्हणजे लहान आकड्याचं, घ्या. रिमार्क ४६५ मध्ये न दिसलेले रेसिड्यू आणि ४७० मध्ये न दिसलेले अणू बघा. जिथे साइड चेनच नाही तिथे ‘संपर्क नाही’ असं लिहिणं चूक आहे. एका रेसिड्यूच्या दोन पर्यायी स्थिती असतील तर ‘ए’ ला ‘ए’शीच ताडा, नाहीतर एकाच वेळी अस्तित्वात नसलेल्या अणूंचे संपर्क निघतात. मग रिड्यूससारख्या प्रोग्रामने हायड्रोजन घाला. तो ॲस्पॅराजिन, ग्लुटामिन आणि हिस्टिडिनची टोकं उलटी बसली आहेत का तेही तपासतो, कारण इलेक्ट्रॉन घनतेत तिथला नायट्रोजन आणि ऑक्सिजन (हिस्टिडिनमध्ये नायट्रोजन आणि कार्बन) सहसा वेगळे ओळखू येत नाहीत आणि उलटं टोक खरा हायड्रोजन बंध पुसून खोटा दाखवतं. त्यानंतर बायोपायथन या पायथन लायब्ररीतल्या नेबरसर्चने हायड्रोजन सोडून बाकी अणूंमधल्या ४.५ अँगस्ट्रॉमच्या आतल्या जोड्या काढा. एकाच साखळीतले क्रमाने चार घरांच्या आतले शेजारी वेगळे ठेवा, आणि उरलेल्यांची विभागणी हायड्रोजन बंध, सॉल्ट ब्रिज, जलद्वेषी, आयनामार्फत अशी करा. कटऑफ ४ आणि ५ ठेवूनही एकदा चालवा. ज्याचा निष्कर्ष तेवढ्याने उलटतो तो निष्कर्ष लिहू नका.

स्क्रिप्ट बरोबर आहे का हे बघायला पीडीबीतली ४सीपीव्ही क्रमांकाची फाइल घ्या. रोहू-कटल्याच्या कुळातल्या कार्प माशाचं पार्व्हाल्ब्युमिन, १.५ अँगस्ट्रॉमची रचना. आर्जिनिन ७५ आणि ग्लुटामेट ८१ यांचा आत पुरलेला सॉल्ट ब्रिज यादीत आला पाहिजे. पहिल्या कॅल्शियमभोवती ५१, ५३, ५५, ५७, ५९ आणि ६२ हे रेसिड्यू दिसले पाहिजेत, आणि त्यांतल्या ५७ व्या फेनिलॲलानिनचा ऑक्सिजन साइड चेनचा नसून पाठीच्या साखळीचा निघाला पाहिजे.