नुसत्या मास्कनं भागत नाही

कीटकनाशक फवारणीवरच्या एका लेखात ‘तोंडाला कापड बांधा’ एवढंच लिहिलंय. प्रोफेनोफॉससारखं कीटकनाशक कातडीतूनही अंगात जातं, आणि ओला दुपट्टा तर ते नाकाशीच धरून ठेवतो. २०१७ला यवतमाळात फवारणीतून शेतकऱ्यांना विषबाधा झाली, तेव्हा पराटी (कपाशी) डोक्याबरोबर वाढली होती. पंपाचं नोझल (फवाऱ्याचं तोंड) वर धरलं की फवारा अंगावरच. पंपाचं झाकण गळून पाठ भिजते, ते तर कुणी बघतच नाही. वॉशर बदला, नायट्राइलचे (एक प्रकारच्या रबराचे) हातमोजे घाला, वाऱ्याला आडवं चाला. सदरा भिजला की लगेच काढून साबणानं अंग धुवा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ, घाम, धाप दिसली तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. डब्याचं लेबल घेऊन दवाखाना गाठा. प्रोफेनोफॉस ज्या गटातलं, त्या ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेला अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन लागतं, नुसत्या पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकाचा इलाज वेगळा.