खुलासा : बर्ड ऑफ पॅराडाइज एकदाच फुलते, हे खरे नाही

‘बर्ड ऑफ पॅराडाइज केळीसारखे एकदाच फुलते, म्हणून फूल सुकताच तो फुटवा मुळापासून कापावा,’ असा सल्ला सध्या बागप्रेमींमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे.

हा नियम हेलिकोनियाचा आहे. मूळच्या मुख्यतः अमेरिकेतील या झाडाचा फुललेला खोडवजा फुटवा पुन्हा फुलत नाही, त्यामुळे तो काढणे योग्यच ठरते. दिसण्यातील साम्यामुळे, आणि रोपवाटिकांत कधीकधी दोन्ही एकाच नावाने विकली जात असल्याने, हा घोळ झाला असावा. बर्ड ऑफ पॅराडाइज, म्हणजे स्ट्रेलिट्झिया, हे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातील बहुवर्षायू झाड असून त्याचे फुलदांडे पानांच्या बेचक्यातून येतात. साहजिकच निरोगी पाने कापणारा माणूस पुढच्या फुलांची जागाच छाटत असतो. पूर्ण वाळलेला दांडा तेवढा बुडाशी कापावा. त्यातही घाई नको, कारण चोचीसारख्या एकाच आवरणातून अनेक फुले एकामागून एक बाहेर पडतात.

झाड फुलत नसेल तर आधी ऊन तपासावे. बियांपासून वाढवलेल्या रोपाला पहिले फूल येण्यास बहुधा 3 ते 5 वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. गड्डा विभागल्यावरही बहर काही काळ लांबतो, त्यामुळे कुंडी थोडी दाटली म्हणून लगेच झाड उपसू नये. पाण्याचा निचरा मात्र उत्तमच हवा.