‘प्रदूषणाने दोन दिवसांत कोणी मरत नाही’ म्हणणाऱ्यांना

थंडी पडली की एक संदेश ग्रुपांवर फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: धुराने-धुळीने कोणी दोन दिवसांत मरत नाही, मृत्यूच्या दाखल्यावर ‘प्रदूषण’ लिहिलेलं कधी पाहिलंय का? जे जातात ते आधीच खंगलेले असतात, आणि हा सगळा प्रश्न दिल्लीचा आहे.

आधी दाखल्याचं बोलू. त्यावर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, न्यूमोनिया असं लिहितात. झटका त्याच दिवशी का आला, हे दाखला सांगतच नाही. तरीही २०१३ मध्ये लंडनमध्ये दम्याने गेलेल्या नऊ वर्षांच्या एला किसी-डेब्राच्या आईने अनेक वर्षं लढा दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं.

मग दोन दिवसांत काय होतं? पीएम २.५ हे सूक्ष्म कण फुफ्फुसांत खोलवर जातात, दाह सुरू होतो, रक्त गोठण्याकडे झुकतं, हृदयाची लय बिघडू शकते. याला काही तास पुरतात. यावर ‘मेलेले लोक सिगारेट ओढत असतील, गरीब असतील’ असा आक्षेप ठरलेला. पण रोजची हवा आणि रोजचे मृत्यू यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासांत माणसाची माणसाशी तुलना होतच नाही. एकाच शहराच्या एका दिवसाची त्याच शहराच्या दुसऱ्या दिवसाशी होते, तापमानाचा हिशेब धरून. शहरातली सिगारेट किंवा गरिबी सोमवारची मंगळवारी बदलत नाही, हवा बदलते. अमुक एक माणूस प्रदूषणानेच गेला, असं या पद्धतीने सांगता येत नाही, हे खरं. पण किती माणसं जास्त गेली, हे सांगता येतं.

‘खंगलेले होते, चार दिवस आधी गेले’ हे विधान मला सर्वांत जास्त खुपतं. ते खरं असतं, तर प्रदूषणाच्या लाटेनंतर मृत्यू नेहमीपेक्षा कमी व्हायला हवे होते, कारण जाणारे आधीच गेलेले असते. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन पाच दिवस कोळशाच्या धुक्यात बुडालं. सुरुवातीला सुमारे ४,००० जादा मृत्यू मोजले गेले. पण धुकं विरल्यावरही मृत्यू कित्येक आठवडे चढेच राहिले. सरकारने त्याचं खापर फ्लूवर फोडलं. २००१ मध्ये संशोधकांनी नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा फ्लूने एवढी वाढ होणं शक्य नव्हतं असं दिसलं आणि अंदाज १२,००० च्या आसपास गेला. आणि समजा, गेलेले आजारी होतेच. घरात दमेकरी आजी असेल, तर तिचे दिवस कमी मोलाचे का?

राहिली दिल्ली. दहा भारतीय शहरांतल्या २००८ ते २०१९ या काळातल्या सुमारे ३६ लाख मृत्यूंचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दैनिक मर्यादेपलीकडच्या पीएम २.५ मुळे मुंबईत वर्षाला सुमारे ५,१०० आणि पुण्यात १,४०० मृत्यू होतात, असा त्याचा अंदाज आहे. पीएम २.५ घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढलं की दहा शहरांत मिळून रोजचे मृत्यू सरासरी १.४२ टक्क्यांनी वाढतात. पीएम २.५ साठ मायक्रोग्रॅमच्या खाली असलेले दिवसच घेतले, तर ही वाढ २.६५ टक्के. आपली सरकारी दैनिक मर्यादा ६० आहे, संघटनेची १५. आणि आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात पीएम २.५ च्या ३१ ते ६० या पट्ट्याला ‘समाधानकारक’ म्हणतात. घरात हृदयरुग्ण किंवा दमेकरी असेल, तर त्या शेऱ्यावर जाऊ नका, पीएम २.५ चा आकडा बघा.