माळढोकाच्या माळावरची कुत्री

मोकाट कुत्र्यांवरून २०२५ मध्ये भारतात पेटलेला वाद मी इथे वेलिंग्टनमध्ये बसून वाचत होतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्टला सांगितलं, की निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री होती तिथेच परत सोडा. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं आणि बसस्थानकांना त्यातून सूट मिळाली. तिथून उचललेली कुत्री पुन्हा तिथे सोडायची नाहीत. हे योग्यच झालं. पण या सगळ्या भांडणात माळढोक या दुर्मीळ पक्ष्याचं नाव फारसं कुणी काढलं नाही.

माळढोकाची मादी उघड्या माळावर, जमिनीवरच अंडं घालते, आणि तेही बहुधा एकच. असे पक्षी आता जेमतेम दीडशे उरलेत. निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्याला पिल्लं होणार नाहीत, पण त्याची भूक कुठे जाते? तो त्याच माळावर परत सोडला, तर अंड्याच्या दृष्टीने शस्त्रक्रियेचा खर्च वाया गेला.

न्यूझीलंडने असे खर्च फार सोसलेत. १८३७ मध्ये फरच्या धंद्यासाठी इथे ऑस्ट्रेलियातून पॉसम, म्हणजे झाडांवर राहणारे पिशवीवाले प्राणी, आणले. पुढे सशांना आवर घालायला स्टोट हे मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी आणले, ते किवी या न उडणाऱ्या पक्ष्याच्या पिल्लांवर उठले. आता २०५० पर्यंत पॉसम, स्टोट आणि उंदीर संपवायचं सरकारी उद्दिष्ट आहे. आमच्या भागात घरामागच्या अंगणात लाकडी पेट्या दिसतात. आत सापळा, आमिषाला पीनट बटर. पेट्या लोक स्वतःच तपासतात, म्हणून मजुरीचा मोठा खर्च वाचतो. तरीही पहिले शंभर उंदीर स्वस्तात सापडतात आणि शेवटचे दहा फार महाग पडतात. ते दहा सोडले तर आधीचा पैसाही पाण्यात. एवढं असूनही या कामासाठी काढलेली सरकारी कंपनी २०२५ च्या अर्थसंकल्पात बंद करायचं ठरलं, याचं मला वाईट वाटतं.

ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. २००० पर्यंत तिथली ससे खाणारी मांजरं हटवली; सशांना मारणाऱ्या मिक्सोमा विषाणूचा जोरही ओसरत होता, आणि सशांनी डोंगरउतार उघडे केले. मग ससे आणि उंदीर काढायला सुमारे अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. २०१४ मध्ये बेट मोकळं झालं.

आपले माळ म्हणजे बेट नव्हे. आज कुत्री उचलली, तर उद्या शेजारच्या गावातून दुसरी येतील. त्यामुळे हा खर्च दरवर्षीचा. इथले सापळे तिकडे न्यावेत, असं मी मुळीच म्हणत नाही. कुत्री मारू नयेत. शाळांना दिलेली सूट अभयारण्यांनाही द्यावी आणि कुत्र्यांना निवाऱ्यात ठेवावं. निवारा, खाणं, पशुवैद्य, शिवाय कुत्री ज्यांवर पोसली जातात त्या गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरांची विल्हेवाट, हे ग्रामपंचायतीला झेपणार नाही. वन विभागाने त्यासाठी वेगळी तरतूद करावी. जैसलमेरच्या केंद्रांत माळढोकाची पिल्लं वाढवण्यावर सरकार पैसा खर्च करतंच आहे. ते पक्षी ज्या माळांवर सोडायचे, तिथली कुत्री आधी हटवण्याचा खर्चही त्याच योजनेत धरायला हवा.